उंच गाडी, पण जीव कारचा

प्रश्न : क्रॉसओव्हर म्हणजे नेमकं काय? मला तर ती स्कॉर्पिओसारखीच दिसते. (लातूर)

वरून बघू नका, खाली वाकून बघा. स्कॉर्पिओखाली ट्रकसारखी, शिडीच्या आकाराची पोलादी चेसिस असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. क्रॉसओव्हरला अशी वेगळी चेसिस नाही. कारसारखा बॉडीचा सांगाडाच सगळा भार पेलतो. यालाच मोनोकॉक म्हणतात. म्हणून ती वळणावर कमी डोलते आणि मागच्यांचं अंग कमी हलतं. १९९४ च्या टोयोटा रॅव्ह-फोरनंतर ही चाल जगभर रुळली. महिंद्राने आपली पहिली मोनोकॉक एसयूव्ही, एक्सयूव्ही ५००, २०११ मध्ये आणली.

प्रश्न : आपल्या शेंद्र्यात जोडली जाणारी स्कोडा कोडियाक ऑक्टाव्हियाचीच बहीण, हे खरं का? (छत्रपती संभाजीनगर)

खरं आहे. २०१६ मध्ये बर्लिनला दाखवलेली आणि २०१७ मध्ये भारतात आलेली पहिली कोडियाक त्या वेळच्या ऑक्टाव्हियाच्याच एमक्यूबी साच्यावर, म्हणजे फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांना सामाईक असलेल्या सांगाड्यावर, बेतलेली. या साच्यात पुढचा आस आणि पेडल यांमधलं अंतर ठरलेलं. बाकी लांबी-रुंदी हवी तशी ताणता येते. ती ताणत कोडियाक ४,६९७ मिलिमीटर लांब झाली आणि तिसरी रांग मावली. नाव अलास्काच्या कोडियाक बेटावरच्या अस्वलाचं. मला मात्र तिची एक बारकी गोष्ट फार आवडते : दार उघडलं की कडेला संरक्षक पट्टी आपोआप बाहेर येते. गुलमंडीच्या गर्दीत गाडी लावणाऱ्याला तिची किंमत कळेल.

प्रश्न : कोडियाकमधून सात जण आणि सामान घेऊन तुळजापूरला जमेल? (परभणी)

सात जण जमतील, सामान नाही. सगळ्या सीट उभ्या असताना पहिल्या कोडियाकच्या डिकीत २७० लिटरच जागा उरते. दोन बॅगा, फार तर ओटीचं सामान. शिवाय मागच्या रांगेत गुडघे छातीशी येतात. तिथे पोरं बसवा, आजीला मधे बसवा. सातही जण थोराड असतील तर सरळ इनोव्हा बघा.

प्रश्न : पावसाळ्यात कोडियाक शेतातल्या आखाड्यावर नेता येईल? (हिंगोली)

चारही चाकं ओढणारी असली तरी नको. तिला चिखलात हळू पण जोर लावणारा लो गिअर नाही, टायर डांबरी रस्त्याचे. आपली काळी माती चाकाला चिकटली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि गडी वर्षभर हसतो ते वेगळंच.