गोव्यात मुलांना विमानांचं संग्रहालय दाखवायचंय. बोगमाळोला जाण्यात अर्थ आहे का?

नक्की जा. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हे संग्रहालय आहे. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरणार असाल तर मात्र लांब पडेल, वेगळी सकाळ राखून ठेवा. सोमवारी बंद असतं.

सगळ्यात आधी सुपर कॉन्स्टेलेशनपाशी थांबा. चार इंजिनं, शेपटीला तीन उभे पंख, माशासारखी वळलेली पाठ. आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग हवाई दलात, शेवटी नौदलाकडे सागरी टेहळणीला. एकाच विमानाने एवढं आयुष्य पाहिलेलं आपल्याकडे क्वचितच बघायला मिळतं. मला तरी त्याच्याखाली उभं राहिलं की भरून येतं.

मग सी हॉक, नौदलाचं जुनं लढाऊ विमान. १९७१च्या डिसेंबरमध्ये 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून उडून याच जातीच्या विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. मुलांना पंखांची बिजागरी दाखवा. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख वर दुमडायचे. हे एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक विमानात ती स्वतःच बिजागरी शोधत फिरतात. पाणबुड्या शोधणारं अलीझे आणि सी हॅरियर हे लढाऊ विमानही आहे.

विमानं उघड्यावर आहेत, तेव्हा टोपी-पाणी घ्या आणि सकाळीच पोचा. पत्र्याला हात लावू देऊ नका. खाऱ्या हवेने आधीच त्यांचं बरंच सोसून झालंय.