ड्रॉइंग कोणाचं?

चि. पोरीस,

परवा मी शेडचं शटर ओढत होतो तेव्हा तू आलीस. ऑफर लेटर पुढे केलंस, पण चेहरा उतरलेला होता. एकीकडे चाकणची परदेशी कंपनी, सोर्सिंगचं, म्हणजे पार्ट बाहेरून विकत घेण्याचं खातं, बाबांना शॉपमधून महिन्याकाठी सुटतं त्यापेक्षा जास्त पगार. दुसरीकडे बाबांच्या चार सीएनसी लेथ आणि त्यांचे थकलेले गुडघे. तू विचारलंस, "काका, पुढे जायला जागा कुठे जास्त आहे?" घाईत मी काहीतरी उत्तर दिलं आणि रात्रभर त्याचीच चुटपुट लागली. म्हणून हे पत्र.

तुझा प्रश्नच मला पटला नाही. कंपनी मोठी की छोटी, देशी की परदेशी, हे नंतर बघू. ज्या कामाला तू हात लावणार, त्याचं ड्रॉइंग कोणाचं?

1990 च्या दशकातली गोष्ट आहे. नव्या नव्या परदेशी गाड्या पुण्यात यायला लागल्या होत्या आणि आम्ही भोसरीतले सगळे टूलरूमवाले, म्हणजे डाय-साचे बनवणारे, हवेत होतो. मला सीटच्या एका ब्रॅकेटचं काम मिळालं. 3 मिलीमीटर पत्रा, बेंडचा, म्हणजे वाकवलेल्या कोपऱ्याचा, आतला रेडियस 1 मिलीमीटर. डाय आम्हीच बनवली. पहिल्या लॉटपासून बेंडवर क्रॅक. रोज रिजेक्शन, रोज पैसे कापल्याची डेबिट नोट. एका रात्री मी क्रॅक गेलेले पीस ओळीने बेंचवर मांडले आणि ट्यूबलाइटखाली धरून बघत बसलो. पत्रा रोल होताना त्यावर बारीक रेघा पडतात ना, त्या सगळ्या बेंडच्या रेषेला समांतर जात होत्या. ब्लँक, म्हणजे कापून घेतलेला पत्र्याचा तुकडा, फिरवून घेतला, रेघा बेंडला आडव्या आणल्या, रेडियस 3 केला. स्क्रॅप थोडा वाढला, पण क्रॅक थांबला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरला मी ते सगळं चहाच्या टेबलावर पेन्सिलीने काढून दिलं. कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. महिन्याभरात ड्रॉइंगची 'सी' रिव्हिजन आली. तिच्यात माझा रेडियस होता, रोलिंगच्या दिशेची टीप होती. मी ते ड्रॉइंग हौसेने घरी नेऊन दाखवलं.

दीड वर्षाने तेच ड्रॉइंग आणखी पाच जणांकडे कोटेशनला गेलं. माझ्यापेक्षा कमी दरात करणारा मिळाला. एका दुपारी टेम्पो आला डाय न्यायला. डायवर कंपनीच्या मालमत्ता क्रमांकाची पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली होती, ती मीच मारली होती, करारात तसं होतं. मी आणि माझ्या दोन फिटरनी चेनब्लॉकने डाय उचलून टेम्पोत ठेवली. त्यातला एक फिटर महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

कंपनीने फसवलं असं मी म्हणत नाही. कागद मीच दिला होता, नाव न घालता, किंमत न लावता, शाबासकीसाठी. हे मला अजून बोचतं.

तुला वाटेल काका एका ब्रॅकेटवरून जग मोजतायत. मग आपल्याच पुणे-पिंपरीच्या कारखान्यांच्या पट्ट्याकडे बघ. टेल्कोचा, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झाली तिचा, जर्मन डायमलर-बेन्झशी ट्रकसाठी करार झाला 1954 साली, 15 वर्षांचा. तो 1969 ला संपला तेव्हा टेल्को रडत बसली नाही, कारण टेल्को चालवणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी पिंपरीत आधी मशिन टूलचं काम आणि टूलरूम उभी केली, शिकाऊ पोरं तयार केली. ट्रक तिथे नंतर आला. त्याच मातीतून 1998 ला इंडिका निघाली. बजाजचा इटलीच्या पियाजिओशी स्कूटरचा करार 1971 ला संपला. स्कूटर पुढे वर्षानुवर्षं विकली गेली, पण पुरती आपली म्हणावी अशी मोटरसायकल, पल्सर, यायला 2001 उजाडलं. तीस वर्षं! करार संपला म्हणजे ड्रॉइंग आपलं होत नाही. ते काढावं लागतं.

आणि कारखाना आला म्हणजे ज्ञान आलं, हेही मला ऐकवू नकोस. तळेगावला जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं. 2023 मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. मालक बदलला, गाडी बदलली. ठरलं कुठे? त्यांच्या मुख्य कचेऱ्यांत, डेट्रॉइटला आणि सोलला. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि ती वापरून बनणाऱ्या, मोटरमधल्या मुठीत मावणाऱ्या चुंबकांसाठी आपल्याकडच्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांची धावाधाव झाली. मोटर इथे जोडता येते, पण चुंबक कसं बनवायचं हे ज्याच्याकडे आहे, तो नळ बंद करू शकतो.

तू तिथेच म्हणाली होतीस, "काका, भारत फोर्ज तरी दुसऱ्यांच्याच ड्रॉइंगवर मोठी झाली ना?" बरोबर आहे, आणि तेव्हा मी उगाच चिडलो. ते तापवलेलं पोलाद डायमध्ये ठोकून गाड्यांचे पार्ट बनवतात; पार्टचं ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असतं. पण धातू कसा वाहणार, डाय कशी असणार, किती तापवायचं, हे त्यांचं स्वतःचं आहे. म्हणजे डायचं ड्रॉइंग त्यांचं. माझं म्हणणं तेच आहे, फक्त एक थर खाली.

टेम्पो गेल्यावर मी ठरवलं की निम्मी मशिनं जॉबवर्कला आणि निम्मी स्वतःच्या मालाला. पाइप बेंडिंगचं हातमशिन काढलं, गेट आणि फर्निचरवाल्यांसाठी. पहिली तीन वर्षं तोटा झाला. भाऊ भागीदारीतून बाहेर पडला, त्याने चाकणला प्लॉट घेतला, आज त्याच्याकडे साठ माणसं आहेत, माझ्याकडे अकरा. घरात हा हिशोब मला दर दिवाळीला ऐकवला जातो. ऐकवू देत. त्याला दरवर्षी गिऱ्हाइकाकडून कॉस्ट डाऊनचं, म्हणजे दर कमी करा असं, पत्र येतं. माझ्या मशिनचा दर मी ठरवतो. लातूरहून, सोलापूरहून फोन येतात की काका, दीड इंची पाइपला डाय द्या, आणि ती डाय मी काढतो. मी चुकलो नाही. हे तुला सांगताना मी मलाही सांगतोय, ते तुला कळेलच.

आता तुझं. सोर्सिंगला गेलीस तर दिवसभर माझ्यासारख्यांचे दर पाडत बसशील. इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय डिझाइन शिकलीस ती एवढ्यासाठी? त्यांना स्पष्ट विचार, टूलिंग डिझाइनला घेता का? घेतलं तर डोळे मिटून जा, तीन वर्षं शिकून घे, परदेशी माणसाकडून शिकण्यात कमीपणा नाही. नाही म्हणाले तर बाबांकडे. पण तिथेही नुसते पिन आणि बुश टर्न करायला नको. त्यांच्या चार मशिनांतलं एक स्वतःसाठी मागून घे, सुरुवातीला रात्रपाळीलाच का होईना.

शनिवारी दुपारी बाबांना घेऊन ये. त्यांच्याशी मी बोलतो, ते माझ्यावर रागावतील पण ऐकतील. येताना प्रोजेक्टचं प्रोग्रेसिव्ह डायचं, म्हणजे पत्र्याची पट्टी एकेका स्टेशनवर घडवत नेणाऱ्या डायचं, ड्रॉइंगही आण. परवा मी ते नीट पाहिलं. तिसऱ्या स्टेशनला पायलट, म्हणजे पट्टी नेमक्या जागी धरणारी पिन, कमी पडतोय, ते आपण बसून बघू. आणि खालच्या टायटल ब्लॉकमध्ये ड्रॉन बायचा, म्हणजे ड्रॉइंग काढणाऱ्याच्या नावाचा, रकाना तू रिकामा सोडला आहेस. तो भरून आण.

तुझे काका