अमेरिकेच्या आरंभकाळाचा इतिहासकार होऊन विद्यापीठाबाहेर काम करायचं असेल तर वाट कोणती?

तुम्ही विचारलंय की पुण्यातून इतिहासात एम.ए. केल्यावर ‘अर्ली अमेरिका’चा इतिहासकार होऊन टीव्ही, संग्रहालयं, कोर्ट अशा ठिकाणी काम करता येईल का, आणि पीएचडी लागतेच का. काम करता येईल. पीएचडी बहुतेकांना लागते. पण आधी हे काम रोजच्या रोज कसं चालतं ते पाहा. टीव्हीवर दिसतो तो त्यातला फार थोडा भाग.

माउंट व्हर्नन म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनची व्हर्जिनियातली जहागीर. तिथल्या खातेवहीत मे १७८४ मध्ये एक ओळ आहे: डॉ. लेमॉईन यांच्या खाती, नऊ दातांबद्दल ‘नीग्रों’ना रोख दिले, ६ पौंड २ शिलिंग. हा डॉक्टर बहुधा ल मायर नावाचा फ्रेंच दंतवैद्य. ओळ एवढीच. आता एखाद्या वाहिनीचा फोन येतो: “म्हणजे वॉशिंग्टनच्या तोंडात गुलामांचे दात होते, बरोबर?” कॅमेरा सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत.

पहिली अडचण पैशांची. हे पौंड लंडनचे नव्हेत, व्हर्जिनियाचे. त्या काळी एका स्पॅनिश डॉलरला व्हर्जिनियात ६ शिलिंग, पेनसिल्व्हेनियात साडेसात, न्यूयॉर्कमध्ये ८ आणि लंडनच्या पौंडात साडेचार असा हिशोब होता. पौंडाला वीस शिलिंग धरून ६ पौंड २ शिलिंग म्हणजे १२२ शिलिंग; त्यांचे व्हर्जिनियाच्या दराने वीसएक डॉलर होतात. लंडनचा दर लावलात तर सत्तावीस. आकडा छापून आला की चूक तुमच्या नावावर. दुसरी अडचण अशी की हे दात कोणासाठी घेतले ते वहीत लिहिलेलं नाही. वॉशिंग्टनचे दात त्या वर्षांत झपाट्याने जात होते आणि ल मायर त्याच्यावर उपचार करत होता, म्हणून ते त्याच्याचसाठी असण्याची शक्यता मोठी, पण शक्यताच. तिसरी अडचण ‘रोख दिले’ या शब्दांची. ज्याला मालकाला नाही म्हणता येत नाही, त्याला पैसे मिळाले म्हणून तो राजीखुशीचा सौदा ठरत नाही.

मग कॅमेऱ्यासमोर काय बोलाल? “वॉशिंग्टनच्या जहागिरीतल्या गुलामांकडून नऊ दात पैसे देऊन घेतल्याची नोंद आहे. ते बहुधा त्याच्यासाठीच होते. देणाऱ्यांना नाही म्हणायची मुभा होती असं समजू नका.” तीन वाक्यं, बारा-पंधरा सेकंद. नोंद जिथे थांबते तिथे आपणही थांबायचं, आणि तरी ऐकणाऱ्याला काहीतरी कळलं पाहिजे. या धंद्यातलं खरं कसब हेच आहे, असं माझं मत. (वॉशिंग्टनचे दात लाकडी होते ही गोष्ट मात्र सरळ खोटी. त्याच्या कवळ्यांमध्ये हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, माणसांचे आणि जनावरांचे दात, शिसं असं सगळं होतं, लाकूड नव्हतं.)

आता वाट. अमेरिकेतली इतिहासाची पीएचडी साधारण सहा-सात वर्षांची असते. पहिली दोन वर्षं कोर्स, मग सर्वसमावेशक परीक्षा, मग प्रबंधाचा आराखडा, मग दफ्तरखान्यांच्या वाऱ्या आणि लेखन. अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीपर्यंत जातात. तीन शिफारसपत्रं, उद्देशपत्र आणि वीस-पंचवीस पानांचा लेखननमुना लागतो. निवड मुख्यतः या नमुन्यावर होते, आणि आपल्याकडचे बरेच अर्ज तिथेच पडतात: नमुन्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांचा गोषवारा असतो, मूळ कागदाचं वाचन नसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संभाव्य मार्गदर्शकाला चार ओळींचा मेल करून तो विद्यार्थी घेतोय का ते विचारा. शिष्यवृत्तीशिवायचा प्रवेश घेऊ नका. अलीकडे बऱ्याच विभागांनी जागाही घटवल्या आहेत, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी अर्ज करून भागत नाही.

पीएचडीशिवाय या क्षेत्रात वर गेलेलं नाव म्हणजे ॲनेट गॉर्डन-रीड. त्या मुळात वकील. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्याच्या मालकीची गुलाम सॅली हेमिंग्ज यांच्या संबंधांवर त्यांचं पुस्तक १९९७ साली आलं. सॅलीचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोच्या वर्तमानपत्रात आपला बाप कोण ते सांगून ठेवलं होतं. इतिहासकारांनी ते बाजूला सारलं आणि जेफरसनच्या नातवंडांनी त्याच्या भाच्यांवर ढकललेली गोष्ट खरी मानली. गॉर्डन-रीड यांनी दोन्ही साक्षींना एकच कसोटी लावली. पुढच्या वर्षी डीएनए तपासणीत सॅलीच्या धाकट्या मुलाची वंशरेषा जेफरसन घराण्याशी जुळली, भाच्यांच्या घराण्याशी नाही. इथेही तोच नियम: डीएनए सांगतो ‘जेफरसन घराण्यातला पुरुष’. तो थॉमसच, हे ठरतं इतर पुराव्यांवरून, आणि त्यातला एक म्हणजे प्रत्येक गर्भधारणेच्या सुमारास तो माँटिसेलोला, म्हणजे आपल्या जहागिरीवर, होता. २००९ साली गॉर्डन-रीड यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. पण त्यांचा मार्ग अपवाद समजा.

कोर्टाचं काम सध्या वाढलंय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २३ जून २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर बंदुकीवरचं कोणतंही बंधन टिकवायला सरकारला ते देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं असं दाखवावं लागतं. मग वकील जुने कायदे शोधायला इतिहासकार नेमतात. उदाहरणार्थ, मॅसॅच्युसेट्सचा १७८३ चा कायदा: बॉस्टनमध्ये भरलेली बंदूक घरात नेऊ नये. वाचून वाटतं, सापडला पुरावा! पण त्याच्या प्रस्तावनेत कारण आगीचं दिलंय. आग विझवणाऱ्यांना धोका होतो म्हणून. प्रस्तावना गाळून अहवाल दिलात तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल. तुमचा प्रत्येक जुना लेख समोरचा वकील वाचून आलेला असतो, हेही ध्यानात असू द्या.

नोंदी जपणं हा कंटाळवाणा भाग, पण माणसं पडतात ती तिथेच. जुन्या अमेरिकेत बंदुका कमीच होत्या असं मृतांच्या मालमत्ता-याद्यांवरून मांडणाऱ्या एका पुस्तकाला २००१ साली इतिहासलेखनाचा बॅनक्रॉफ्ट पुरस्कार मिळाला. इतरांनी याद्या तपासल्या तर आकडे जुळेनात. लेखकाने सांगितलं की टिपणवह्या ऑफिसात पाणी शिरून गेल्या. २००२ च्या डिसेंबरात पुरस्कार काढून घेतला गेला. तेव्हा प्रत्येक कागदाचा फोटो, त्यात पेटीचा आणि फोल्डरचा क्रमांक दिसेल असा, एक तक्ता, आणि दोन ठिकाणी प्रती. तारखांतही फसायला होतं: १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२.

परदेशी नागरिकाला एक कुंपण आधीच माहीत हवं. राष्ट्रीय उद्यान सेवेसारख्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांना सहसा अमेरिकन नागरिकत्व लागतं. माउंट व्हर्नन आणि माँटिसेलो मात्र खासगी संस्थांच्या ताब्यात आहेत. इतिहासाच्या पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर कामाची मुभा बारा महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळते ती वाढ नाही. म्हणजे नोकरीचा शोध प्रबंध संपण्याच्या वर्षभर आधीच सुरू करायचा.

तुमची जमेची बाजू मोडी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला १९ ऑक्टोबर १७८१ रोजी ज्याच्या फौजेने शस्त्रं टाकली तो ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये इथे गव्हर्नर जनरल म्हणून आला, आणि १७९०-९२ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके त्याच्या सोबत होते. पटवर्धनांची पत्रं वासुदेवशास्त्री खरे यांनी छापली आहेत. अमेरिका गमावून आलेला हा माणूस मराठ्यांना कसा दिसला, हे तिथले फार थोडे अभ्यासक मूळ मराठीतून वाचू शकतात. उलट ‘बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा आपल्याकडचा’ असं काही लिहाल तर पहिल्याच पानावर अर्ज बाद; तो चहा चीनचा होता.

सुरुवात या आठवड्यातच करता येईल. ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या साइटवर वॉशिंग्टन, जेफरसन, ॲडम्स वगैरेंची पत्रं फुकट आहेत. एक पत्र घ्या. त्याच पत्राच्या हस्तलिखिताचं चित्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर मिळालं तर छापील मजकूर झाकून स्वतः उतरवा. त्या काळचा लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, तिथे पहिले काही दिवस अडखळाल. मग जुळवून पाहा. अशी दहा पत्रं झाली की त्यांतल्या एकावर आठशे शब्दांचा लेख लिहा, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत, आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहा: हे पत्रात आहे, की माझा अंदाज आहे.