लॉयर, ॲडव्होकेट, बॅरिस्टर, सॉलिसिटर, ॲटर्नी: सगळे वकीलच, मग फरक काय?

मराठीत 'वकीलसाहेब' म्हटलं की भागतं, मग इंग्रजीला पाच-पाच शब्द कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी तालुका कोर्टात वकिली करतो. हे पाचही शब्द पक्षकारांच्या तोंडून ऐकतो, बहुतेक वेळा भलत्याच जागी.

आपल्याकडे खरा फरक करते ती सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना. कायद्याची पदवी घेतलेला माणूस ढोबळमानाने लॉयर. मग तो कंपनीत नोकरी करो नाहीतर कॉलेजात शिकवो. कोर्टात उभं राहून दुसऱ्याची बाजू मांडायची, तर बार कौन्सिलची सनद हवी. ती मिळाली की ॲडव्होकेट, आणि मगच नावामागे 'ॲड.' लावायचं. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकिली करणाऱ्यांचा हा एकच वर्ग ठेवला. त्याआधी प्लीडर, मुखत्यार अशी मोठी उतरंड होती. गंमत म्हणजे खुद्द 'वकील' हासुद्धा त्या उतरंडीतला एक दर्जा होता, आणि तोही बॅरिस्टरच्या खालचा!

बॅरिस्टर आणि सॉलिसिटर ही जोडी इंग्लंडची. तिथे पक्षकार आधी जातो सॉलिसिटरकडे. कागदपत्रं, पत्रव्यवहार, करारमदार सगळं तो बघतो आणि मोठ्या कोर्टात युक्तिवादाची वेळ आली की बॅरिस्टर गाठतो. (आता तिथले काही सॉलिसिटरही वरच्या कोर्टात उभे राहू शकतात, त्यामुळे भिंत पूर्वीइतकी पक्की नाही.) बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या चार 'इन'पैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी, एकीचं सभासद व्हावं लागतं. गांधी इनर टेम्पलमधून १८९१ साली बॅरिस्टर झाले, डॉ. आंबेडकर ग्रेज इनमधून १९२२ साली. गांधींच्या वेळी परीक्षेइतकंच तिथे ठरावीक वेळा जेवायला हजर राहणं सक्तीचं होतं. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत; गांधी पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या टेबलावर ओढायला चढाओढ लागायची, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले यांच्या नावामागचा 'बॅ.' तिकडूनच आला. आज कुणी लंडनहून बॅरिस्टर होऊन आला, तरी इथल्या कोर्टात उभं राहायला त्याला सनद लागतेच.

मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत (जिथे अपील नव्हे, तर दावेच थेट दाखल होतात) ही इंग्रजी वाटणी बरीच वर्षं होती. तिची खूण म्हणून मुंबईत सॉलिसिटरची वेगळी परीक्षा अजून होते आणि फोर्ट भागात सॉलिसिटर फर्मच्या पाट्या दिसतात. बाकी महाराष्ट्रात हा शब्द फारसा कानावर पडत नाही. सॉलिसिटर जनरल मात्र या सगळ्यापासून वेगळे. ते केंद्र सरकारचे विधी अधिकारी, ॲटर्नी जनरलच्या खालोखालचे, आणि सुप्रीम कोर्टात चांगले तास-तास युक्तिवाद करतात. नावावर जाऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ ॲटर्नीचा. अमेरिकेत सरसकट वकिलाला ॲटर्नी म्हणतात. पण शब्दाचा मूळ अर्थ 'दुसऱ्याच्या वतीने काम करणारा' एवढाच. म्हणून तर पॉवर ऑफ ॲटर्नीला आपण मुखत्यारपत्र म्हणतो. ज्याच्या नावाने ते केलं तो मुखत्यार, म्हणजे नुसता प्रतिनिधी झाला; जुन्या उतरंडीतल्या मुखत्यारासारखा वकील नव्हे.

माझ्याकडे एक काका आले होते. पुतण्या न्यू जर्सीत, गावच्या जमिनीचा दावा इथे. पुतण्याने काकांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "काका, आता तुम्हीच माझे ॲटर्नी." काकांनी ते शब्दशः घेतलं. तारखेला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढे गेले आणि कोर्टाला म्हणाले, "साहेब, वकील कशाला? ॲटर्नी मीच आहे, युक्तिवाद मीच करतो." कोर्टाने शांतपणे विचारलं, "सनद आहे का?" काकांनी पिशवीतून सातबारा काढला.

कोर्टाने खास परवानगी दिली तर सनद नसलेला माणूसही बोलू शकतो, पण तो हक्क नाही. आणि काकांना ती मिळाली नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. पुतण्याने काकांना दिलं ते मुखत्यारपत्र, वकिलाला द्यायचं ते वकीलपत्र. मुखत्यार म्हणून त्यांना एक गोष्ट नक्की करता येत होती, ती त्यांनी तिथेच केली: पुतण्याच्या वतीने माझ्या वकीलपत्रावर सही.