पेकहॅमला खोली घेऊ का? सविस्तर उत्तर

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. नर्स म्हणून सांगलीहून लंडनला येते आहेस, पेकहॅममध्ये खोली परवडतेय, पण नात्यातले लोक म्हणतात, “तिथे सगळे आफ्रिकन, तिकडे राहू नकोस.” ते ऐकावं का? आणि दुसरं, तिकडे गेल्यावर मी मीच राहीन ना?

मी अकरा वर्षं याच भागात राहते, तुझ्याच पेशात आहे. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: खोली घे. रात्रपाळीवरून परतताना कुठल्याही मोठ्या शहरात घेशील तेवढी काळजी इथेही घे, बाकी काही नाही. पण ‘सगळे आफ्रिकन’ हे शब्द तिकडेच सोडून ये. माझ्या वॉर्डात नायजेरियाच्या योरुबा आहेत, इग्बो आहेत, घानाच्या अकान आहेत, एक सोमाली आहे. त्यांच्या भाषा एकमेकींना कळत नाहीत, आणि जोलोफ भात नायजेरियाचा चांगला की घानाचा, यावर जेवणाच्या सुट्टीत खरोखरची भांडणं होतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे १५ लाख लोकांची नोंद ‘ब्लॅक आफ्रिकन’ या एका रकान्यात झाली. नायजेरियातल्या लागोस शहरातून आलेली माझी योरुबा मैत्रीण म्हणते, “लागोसमध्ये मी थोरली लेक होते, योरुबा होते, चर्चच्या गायनात होते. मी काळी आहे हे मला विमानतळावर उतरल्यावर कळलं.” तुझंही असंच होणार. सांगलीची, मराठी, अमक्याची मुलगी हे सगळं इथल्या फॉर्मवर मावत नाही. तिथे तू ‘एशियन’. पहिले काही महिने ते फार लागतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या वॉर्डच्या सिस्टरकडून, म्हणजे मुख्य नर्सकडून मिळालं. साठ-सत्तरच्या दशकांत शिकायला आलेली अनेक नायजेरियन आणि घानाची जोडपी दिवसा कॉलेज आणि रात्री काम करत. मुलं सांभाळायला कुणी नसे. मग ती मासिकात जाहिरात देऊन गोऱ्या कुटुंबांकडे आठवड्याच्या पैशांवर मुलं ठेवत. अशी हजारो मुलं वाढली. आमची सिस्टर त्यातली एक, योरुबा आईवडिलांची, केंटमध्ये समुद्रकाठच्या गावात वाढलेली. नवव्या वर्षी आईवडील तिला घ्यायला आले, तेव्हा ती सांभाळणाऱ्या बाईच्या मागे लपली. घरचं जेवण तिखट, भाषा परकी. तेविसाव्या वर्षी ती मोठ्या आशेने लागोसला गेली, तर बाजारातल्या बायका तिच्या बोलण्यावरून तिला ‘ओयिंबो’ म्हणाल्या. ओयिंबो म्हणजे गोरी. इथे काळी, तिथे गोरी. हॉटेलात येऊन दोन दिवस झोपून होते, असं तिने मला सांगितलं. पुढे चाळिशीत ती योरुबा शिकली. आता बोलते, चुकतमाकत का होईना. पण आजीशी बोलायचं राहून गेलं, हे ती अजून म्हणते.

म्हणून मनापासून सांगते, पुढे मुलं झाली तर त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून मराठीत बोल. “आधी इंग्रजी पक्कं होऊ दे” असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

आणि नाव. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुझं नाव तोडून छोटं करेल. मी दोन वर्षं अशा तुटक्या नावाला ओ देत होते. अकान लोकांत वारावरून नाव असतं. रविवारी जन्मलेली मुलगी अकोसुआ, शुक्रवारचा मुलगा कोफी. आमच्याकडची अकोसुआ नव्या डॉक्टरला थांबवते आणि नाव नीट येईपर्यंत म्हणून घेते, हसत, पण सोडत नाही. तिचं पाहून मी माझ्या बिल्ल्यावरचं नाव बदलून घेतलं.

त्या योरुबा मैत्रिणीच्या बाळाचं नामकरण आठव्या दिवशी झालं, आपल्या बारशाच्या चार दिवस आधी. बाळाच्या ओठांना पाणी, मीठ, मध लावतात. जमलेल्यांनी वाडग्यात पैसे टाकून आपापलं एक नाव द्यायचं असतं. वाडगा माझ्यापुढे आला तेव्हा मी चक्रावले. मग आईचं नाव दिलं, इंदू. सगळ्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. इतक्या वर्षांत आपण इथले आहोत असं मला पहिल्यांदा त्या खोलीत वाटलं.

एका बाबतीत मात्र या मैत्रिणींचं आणि आपलं वेगळं आहे. त्या ब्रिटिश पासपोर्ट घेऊनही जन्माचं नागरिकत्व राखू शकतात, नायजेरिया आणि घाना दोन्ही देश ते चालवून घेतात. भारत घेत नाही. आपलं नागरिकत्व जातं, भारतात येण्या-राहण्यासाठी ओसीआय कार्ड मिळतं, पण भारतात मतदान करता येत नाही. आज घाई नाही, पण हे माहीत असू दे.

खाण्याची चिंता करू नकोस. राय लेन या इथल्या बाजाराच्या रस्त्यावर भेंडी, चवळी, केळी, आपल्या कोनफळाच्या जातीतला याम, सगळं मिळतं. रात्रपाळी संपली की मैत्रीण डब्यातून आकारा काढते. भिजवलेली चवळी वाटून, कांदा-मिरची घालून तळलेली. भजीच ती. मी लसणाची चटणी नेते.

आमची भिशी आहे बारा जणींची. घानाच्या बायका तिला ‘सुसू’ म्हणतात, योरुबा ‘आजो’, पण रीत तीच. मार्चमध्ये एक जागा रिकामी होतेय. तू येईपर्यंत कुणाला देत नाही.