निवडणूक रोखे रद्द झाले, मग कंपन्यांचा पैसा पक्षांकडे जाणं थांबलं का?

नाही, थांबलं नाही. फक्त पडदा थोडा बाजूला झाला. हे रोखे म्हणजे बँकेतून विकत घेऊन, देणाऱ्याचं नाव जाहीर न होता पक्षाला देता येणारे देणगीचे कागद.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने रोखे घटनाबाह्य ठरवले. पण माझ्या मते त्या निकालातला मोठा भाग लोकांच्या लक्षातच आला नाही. २०१७ पर्यंत कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. ती मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली, म्हणजे तोट्यातली, अगदी नावापुरती कंपनीसुद्धा कोट्यवधी देऊ शकत होती! न्यायालयाने तो बदलही रद्द केला.

कंपन्यांना देणगीची मुभा मात्र आजही आहे. थेट चेकने किंवा इलेक्टोरल ट्रस्टमार्फत, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेमार्फत. आणि २० हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला जाहीर करावं लागत नाही. मोठी रक्कम बारीक तुकडे करून दाखवायची, ही पळवाट तशीच उघडी.

खर्चाचंही तेच. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा, पक्षाला काहीच नाही. शिवाजी पार्कवर पक्षाची सर्वसाधारण प्रचारसभा झाली तर तो खर्च पक्षाचा. उमेदवार व्यासपीठावर बसला की त्याचा वाटा त्याच्या हिशेबात. दादरला राहिल्यामुळे या सभा खूप पाहिल्यात. मंडप, एलईडी पडदे, बसेसच्या रांगा बघितल्या की ९५ लाखांच्या आकड्याचं हसू येतं.

पक्षांचे वार्षिक देणगी अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. तुमच्या पक्षाचा उघडून बघा.