वाचकांचे प्रश्न : शाळेचं म्युझिकल आणि पाहुण्या विद्यार्थ्यांचा निधी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी अकरावीत आहे. यंदा शाळेचं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचाचं नाटक, मुलंच बसवणार आहेत. उरलेली रक्कम परदेशातून वर्षभरासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी द्यायची आहे. हिशेब मुलीकडे आलाय. सुरुवात कुठून करावी? – एक पालक, एडिसन

उत्तर : नाटकाच्या प्रयोगहक्कांपासून. परवाना हातात आल्याशिवाय पोस्टर लावायचं नाही, ऑडिशनही घ्यायची नाही. तिथली बरीचशी गाजलेली म्युझिकल्स म्युझिक थिएटर इंटरनॅशनल किंवा कॉनकॉर्ड थिएट्रिकल्स या परवाने देणाऱ्या कंपन्यांकडून मिळतात. अर्जात खुर्च्या किती, तिकीट केवढ्याचं, प्रयोग किती हे विचारतात आणि त्यावर रॉयल्टी ठरते. पैसे चांगल्या कामाला जाणार म्हणजे सूट मिळेल, असं मुलांना हमखास वाटतं. अमेरिकी कायद्यात धर्मादाय कार्यक्रमांना सवलत आहे खरी, पण नाट्यकृती तीत बसत नाही. संहिता बऱ्याचदा भाड्याने येतात. त्यांत खुणा पेन्सिलीनेच करायच्या आणि परत पाठवताना खोडायच्या. हरवलेल्या प्रतीचे पैसे लागतात. संवाद गाळायचा तरी लेखी परवानगी घ्यावी लागते. चित्रीकरणाचा परवाना वेगळा.

हा खर्च झेपत नसेल तर गिल्बर्ट-सलिव्हन या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखक-संगीतकार जोडीकडे वळा. 'एच.एम.एस. पिनाफोर' (१८७८) आणि 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स' (१८७९) यांच्या मूळ संहिता आणि संगीत हक्कमुक्त आहेत. मात्र कुणी अलीकडे नव्याने केलेली वाद्यरचना घेतलीत, तर तिचे हक्क असू शकतात.

आता आकडे मांडून पाहा. समजा ३०० खुर्च्या, ३ प्रयोग, ६० टक्के विक्री. म्हणजे ५४० तिकिटं, १० डॉलरप्रमाणे ५,४०० डॉलर. हक्क आणि संहिता २,६००, माइकचं भाडं १,२००, नेपथ्य ७००, कपडे ५००, छपाई-टेप-बॅटऱ्या २०० धरले तर खर्च ५,२००. उरले २००! म्हणून तिकिटविक्रीच्या भरवशावर निधीचा आकडा जाहीर करू नका. पैसा सुटतो तो कार्यक्रमपत्रिकेतल्या जाहिरातींतून आणि मध्यंतरातल्या खाऊच्या टेबलावर. (घरचे समोसे नेण्याआधी शाळेला विचारा, पुष्कळ ठिकाणी पाकीटबंदच चालतं.) या दोन्हींची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. रोकड शाळेच्या खात्यातच जमा व्हावी. प्रयोगाच्या रात्री दोघांनी मोजून दोघांनी सही करायची, आणि सुटे परत देण्यासाठी आणलेले पैसे आधी बाजूला काढायचे. ते विक्रीत मिसळले की हिशेब कधीच जुळत नाही.

माइकवर कंजूषी नको. शाळेच्या कपाटातले जुने बिनतारी संच आधी तपासा: ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्झवर चालणारे माइक अमेरिकेत १३ जुलै २०२० पासून वापरता येत नाहीत. प्रत्येक प्रयोगाला नव्या बॅटऱ्या घाला. माइक गालावर वैद्यकीय टेपने चिकटवा आणि त्याआधी घाम पुसा, नाहीतर दुसऱ्या अंकात तो कॉलरवर घासत बसतो.

निधी कशावर खर्च करायचा? ही मुलं जे-१ (आदानप्रदान कार्यक्रमाच्या) व्हिसावर असतील तर यजमान कुटुंबाला मोबदला नसतो. खोली आणि जेवण ते स्वखुशीने देतात. अडचण होते ती सहलीचं शुल्क, वार्षिकांक, बँडचा पोशाख, थंडीचं जाकीट अशा किरकोळ खर्चांत. रोख मुलाच्या हातात न देता शाळेमार्फत थेट ती शुल्कं भरा.

प्रश्न : मुलगा वर्षभरासाठी ओहायोत आहे. इथे पाच वर्षं शास्त्रीय गाणं शिकला. तिथल्या म्युझिकलमध्ये त्याला घेतील का? – एक आई, नाशिक

उत्तर : घ्यायला हरकत काहीच नाही. वसंतातल्या प्रयोगाच्या ऑडिशन बहुधा हिवाळ्यात होतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये पोहोचलेल्याला वेळ मिळतो. ऑडिशनला सोळा किंवा बत्तीस बार (ठरावीक मात्रांचे छोटे विभाग) मागतात. चार मात्रांचे सोळा बार म्हणजे त्रितालाची चार आवर्तनं. आलापाला जागा नाही, थेट मुखडा. 'काळी दोनमध्ये गातो' हे पियानोवाल्याला कळणार नाही. त्याला 'ई फ्लॅट' सांगावं आणि त्या पट्टीतलं छापील नोटेशन द्यावं. सुराबद्दल काळजी नको. आपल्याकडून गेलेली मुलं अडतात ती हार्मनीत: शेजारचा वेगळा सूर गात असताना आपला धरून ठेवायची सवय नसते. आपल्याच ओळीच्या गायकांमध्ये उभं राहावं, ती ओळ पियानोवर वाजवून मोबाइलवर घ्यावी आणि रोज वीस मिनिटं म्हणावी. मींड, मुरक्या समूहगानात आवराव्यात.

खरी अडचण वाहनाची. प्रयोगाआधीच्या आठवड्यात तालमी रात्री नऊ-दहापर्यंत लांबतात आणि बहुतेक कार्यक्रमांत अशा विद्यार्थ्यांना गाडी चालवायला मनाई असते. भूमिका स्वीकारण्यापूर्वीच तालमींचं वेळापत्रक यजमानांना दाखवून कोण आणणार, कोण सोडणार हे ठरवावं. इंग्रजी संवादांची धास्ती वाटत असेल तर पडद्यामागचं काम मागावं. स्टेज मॅनेजरच्या सूचना 'स्टँडबाय' आणि 'गो' एवढ्याच असतात, आणि तिथे मैत्री लवकर जमते.

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या शाळेत दोन परदेशी विद्यार्थी आलेत. त्यांना घेऊन संगीत नाटक बसवलं तर? – एक शिक्षिका

उत्तर : 'सौभद्र' (१८८२) घ्या. त्याचे लेखक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तेव्हा काटछाट तुमच्या मर्जीची. नव्वद मिनिटांत बसवा आणि पदं दहापेक्षा जास्त ठेवू नका. तिकीट लावून बाहेरचा प्रेक्षक बोलावणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी संहिता वेळेत पाठवा. पाहुण्यांना एकेक पद रोमन लिपीत लिहून द्या, पण 'च' आणि 'ळ' मात्र तोंडानेच शिकवावे लागतील.